पाऊण मीटरच्या ओळी, तरीही गर्दी: लसूणघासाच्या एका बीजोत्पादन प्लॉटचा अभ्यास

मला बोलावलं होतं ते मधमाश्यांसाठी. प्लॉटचे मालक असलेल्या काकांचं निदान आधीच ठरलेलं होतं. फुलं भरपूर, शेंगा नाहीत, म्हणजे माश्या कमी पडतायत. पेट्या आणखी किती ठेवायच्या, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

प्लॉट हेक्टरभरापेक्षा थोडा कमी. चाऱ्यासाठी लसूणघास काका वर्षानुवर्षं करत आले होते, बियाण्यासाठी मात्र ही पहिलीच वेळ. त्यांनी चौकशी करून, वाचून तयारी केली होती. बियाण्याच्या पिकाला ओळी लांब लागतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून 25 सेंटीमीटरच्या ओळी सोडून 75 सेंटीमीटरवर पेरणी केली होती. मी टेप लावून पाहिलं. 75 म्हणजे 75च.

आणि तरीही त्या दोन ओळींमधून मला धड चालता येत नव्हतं. दोन्ही बाजूंच्या काड्या मध्ये झुकलेल्या, एकमेकींवर रेललेल्या. वरून पाहिलं तर अख्खं शेत एकसंध हिरवंगार, वर जांभळ्या फुलांची साय. काका अभिमानाने म्हणाले, "जमीन दिसतेय का कुठे?" जमीन दिसत नव्हती, हे खरं. चाऱ्याच्या पिकात ही शाबासकीची गोष्ट असते. इथे मला तीच खटकली.

एका मीटरमध्ये किती दाणे?

ओळीत हात घालून मी काड्या बाजूला सारल्या. बुंध्याशी अंधार, ओलसर वास, पिवळी पडून गळालेली पानं. 10 सेंटीमीटरच्या तुकड्यात जिवंत-मेलेली मिळून इतकी रोपं होती की मोजताना बोटं अडकत होती. तेव्हा मी पेरणी कशी केली ते विचारलं.

पेरणी यंत्र चाऱ्याच्याच मापावर लावलेलं होतं. दर तीन नळ्यांपैकी दोन नळ्या बंद केल्या आणि एक चालू ठेवली. झाल्या 75 सेंटीमीटरच्या ओळी. बियाणंही एक-तृतीयांशावर आलं, म्हणजे काकांच्या हिशेबाने बचतही झाली. यात काय चुकलं ते पटकन ध्यानात येत नाही, माझ्याही आलं नव्हतं. कागदावर मांडल्यावर आलं.

लसूणघासाच्या हजार दाण्यांचं वजन साधारण 2 ग्रॅम भरतं, म्हणजे किलोत सुमारे 5 लाख दाणे. चाऱ्यासाठी हेक्टरी 25 किलो पेरलं तर चौरस मीटरला 1250 दाणे पडतात. 25 सेंटीमीटरच्या ओळी असतील तर एका चौरस मीटरमध्ये 4 मीटर ओळ बसते. म्हणजे ओळीच्या एका मीटरमध्ये 312 दाणे. आता तीनपैकी दोन नळ्या बंद करा. हेक्टरी बियाणं 25 वरून सव्वाआठ किलोच्या आसपास आलं, पण जी नळी चालू राहिली तिच्यातून पडणारा दाणा कमी झाला का? नाही. त्या ओळीत मीटरला 312 दाणे होते, तितकेच राहिले. बोटाएवढ्या लांबीत पंचवीस-तीस रोपं आधीही होती, आताही होती. शेजारची ओळ लांब गेली, शेजारचं रोप जिथल्या तिथे राहिलं.

रुंद ओळींतल्या बियाण्याच्या पिकाला हेक्टरी 2 किलोच्या आसपास बी पुरतं. 75 सेंटीमीटरवर 2 किलो म्हणजे मीटरला 75 दाणे. सगळे उगवत नाहीत, उगवलेले सगळे टिकत नाहीत. काकांनी त्याच्या चौपट बी टाकलं होतं, आणि 'ओळींतलं अंतर' या एका शब्दामुळे तसं वाटलंही नव्हतं. अंतर बोलताना आपण एक आकडा बोलतो, पण ते दोन आकड्यांचं काम आहे: दोन ओळींत किती, आणि ओळीतल्या दोन रोपांत किती. दुसरा आकडा मशागतीच्या अवजाराला लागत नाही, म्हणून तो कुणी विचारत नाही.

काकांना मी दाट पेरणीचं कारण विचारलं तर ते म्हणाले, "लहान बी आहे, वर पापुद्रा धरला की अर्धं मरतं, मुंग्या नेतात. जास्त पडलं तर बिघडतंय काय?" या भीतीत तथ्य आहे. मोहरीपेक्षाही लहान दाणा, जेमतेम सेंटीमीटरभर खोल पेरायचा, वर माती आवळली की कोंब आतच वळतो. पण काकांची जमीन चांगली निघाली, उगवण उत्तम झाली, आणि भीतीपोटी टाकलेलं सगळं बी उभं राहिलं.

मावशींचा कोपरा

निंदणीला येणाऱ्या मावशी आमचं बोलणं ऐकत होत्या. त्या काकांना म्हणाल्या, "दादा, वरच्या कोपऱ्यातली झाडं दाखवा की साहेबांना. खालपासून लगडलीत." काकांनी हात झटकला. तो कोपरा म्हणजे त्यांच्या मते पेरणीतली फसगत. वळणावर एका नळीत चिखल बसला होता आणि काही मीटर बी तुटक पडलं होतं. नांग्या, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा, भरायच्या राहून गेल्या होत्या.

या प्रकरणातला खरा पुरावा त्या कोपऱ्यात होता. रोपं वीत-दीड वितीवर एकेक. मी परवानगी काढून एक रोप तिथलं आणि एक दाट ओळीतलं उपटलं आणि दोन्ही पोत्यावर शेजारी ठेवली.

दाट ओळीतलं रोप उंच, एकाच काडीचं, काडी पेन्सिलीतल्या शिशाएवढी. निम्म्याहून वरपर्यंत नागडी. पानं आणि फुलांचे तुरे शेंड्याच्या वीतभर भागात तेवढे. कोपऱ्यातलं रोप त्याहून बुटकं, पण बुंधा मुठीएवढा, त्यातून एकोणीस काड्या निघालेल्या, काड्यांना खालपासून फांद्या आणि प्रत्येक फांदीवर तुरे. खालच्या तुऱ्यांत गोगलगायीसारख्या पिळदार शेंगा तयार होत आलेल्या, वरचे अजून फुलत होते. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण अशी किती झाडं बसणार एकरात?"

प्रश्न अगदी बरोबर होता. एका झाडाला जास्त शेंगा आल्या म्हणून शेताला जास्त बी येतं असं नाही. झाडं फारच कमी असतील तर प्रत्येक झाड कितीही लगडलं तरी गोळाबेरीज कमीच. पण चारा आणि बी यांचा हिशेब इथे वेगळा होतो. 1953 साली जपानमधल्या कीरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एका मर्यादेनंतर झाडं कितीही वाढवली तरी ठरावीक जागेतल्या पाल्याचं एकूण वजन जवळपास तेवढंच राहतं. जास्त झाडं, पण प्रत्येक झाड तेवढ्याच प्रमाणात किरकोळ. म्हणून चाऱ्यात दाट पेरणीची शिक्षा होत नाही, फक्त बी वाया जातं. दाण्याचं तसं नसतं. 1960 साली हॉलिडे या संशोधकांनी हा फरक रेषांच्या भाषेत मांडला: पाल्याची रेषा चढून सपाट होते, दाण्याची रेषा चढते आणि शिखरानंतर उतरते. त्याआधी, 1954 मध्ये, ऑस्ट्रेलियात सी. एम. डोनाल्ड यांनी कुरणातल्या वर्षायू वनस्पतींवर, सबटेरेनियन क्लोव्हर आणि विमेरा रायग्रासवर, नेमकं हेच तपासलं होतं. सर्वांत जास्त बी मध्यम दाटीत मिळालं. अतिदाट वाफ्यात पाला होता, बी घटलं होतं.

बीच का घटतं? झाड आधी जगायचं बघतं. शेजाऱ्याच्या पानातून गाळून आलेल्या उजेडात लाल भाग कमी असतो आणि त्यापलीकडचा दूरचा लाल जास्त. पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य हे ओळखतं आणि झाडाला कळतं की शेजारी जवळ आहे. लगेच काडी उंच पळवायला सुरुवात होते आणि खालच्या डोळ्यांना फुटायची मनाई होते. जे फांदीत, तुऱ्यात, दाण्यात जायचं ते उंचीत खर्च होतं. दाट वाफ्यातल्या प्रत्येक झाडाचं हेच चाललेलं असतं, त्यामुळे उंचीचा फायदा कुणालाच होत नाही. सगळी उंच, सगळी बारीक, आणि पहिल्या वाऱ्यात सगळी आडवी.

मग माश्यांचं काय?

काकांचं निदान पूर्ण चुकीचं नव्हतं, म्हणून इथे जरा थांबतो. लसूणघासाचं फूल हे एक दडपून ठेवलेलं स्प्रिंगसारखं यंत्र आहे. पुंकेसर आणि स्त्रीकेसराचा दांडा खालच्या पाकळ्यांच्या नौकेत ताणून बसवलेला असतो. माशी उतरून आत तोंड घालते, नौका उघडते, दांडा सटकून वरच्या मोठ्या पाकळीवर आपटतो आणि तिथेच राहतो. फूल एकदाच उडतं. दात कोरायच्या काडीने नौकेच्या तोंडाशी हलकं दाबलं की हे डोळ्यांनी दिसतं. मी काकांना करून दाखवलं. त्यानंतर ते अर्धा तास फुलंच उडवत होते.

फूल उडून फळधारणा झाली की काही तासांत कोमेजतं. न उडालेलं फूल आठवडाभर टवटवीत राहतं आणि मग गळून पडतं. म्हणून बियाण्याच्या प्लॉटमधली भडक जांभळी साय ही आनंदाची गोष्ट नाही. माश्यांनी चांगलं काम केलेलं शेत मळकट, विटलेलं दिसतं. काकांचं शेत फोटो काढण्यासारखं होतं.

पाळीव मधमाशी या फुलाला लवकरच सरावते आणि दांड्याचा मार टाळायला बाजूच्या फटीतून सोंड घालून मध चोरते. फूल उडतच नाही. परागकण गोळा करणाऱ्या माश्या मात्र फुलं उडवतात. अमेरिका आणि कॅनडात यासाठी पानं कापणारी मेगाकाइल माशी पाळतात. वॉशिंग्टन राज्यातल्या टुशे खोऱ्यात तर शेतकरी जमिनीत बिळं करणाऱ्या नोमिया माशीसाठी ओलसर खारवट जमिनीचे तुकडे राखून ठेवतात.

काकांच्या प्लॉटच्या कडेला पेट्या होत्या, माश्या उडत होत्या. पण त्या शेंड्यावरच्या सायीवरून फिरत आणि निघून जात. आतल्या काळोखात त्यांचं काही काम नव्हतं, आणि तिथे फुलंही फारशी नव्हती. मावशींच्या कोपऱ्यात माश्या गुडघ्याखालच्या तुऱ्यांवर बसत होत्या, कारण तिथपर्यंत ऊन पोचत होतं. तेव्हा पेट्या वाढवून थोडा फरक पडला असता, पण आधी माशीला आत शिरायला वाट हवी होती.

त्या हंगामाचं पीक वाचवण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. पाऊस झाला, काड्या लोळल्या, आणि लोळल्यावर जे होतं ते झालं. बुंध्यावर ऊन पडलं आणि तिथून नवे हिरवे फुटवे निघाले. ते लोळलेल्या काड्यांतून वर आले. लसूणघास साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश शेंगा तपकिरी झाल्या की कापतात. इथे तपकिरी शेंगा खाली मातीला टेकलेल्या, काही बुरशी धरलेल्या, आणि वर कोवळा हिरवा पाला. कापलं ते वाळेना. मळणीत ओला पाला बियाला चिकटला. उफणल्यावर पोचट दाण्यांचा ढीग बघून काका म्हणाले, "हे मोडून टाकू. पुन्हा पेरू."

मोडायचं की विरळ करायचं

मोडायला मी विरोध केला. लसूणघास बहुवर्षायू आहे, मुळं खोल गेलेली होती, जमीन तयार होती. नवी पेरणी म्हणजे उगवणीचा तोच जुगार पुन्हा. काकांचा पुतण्या म्हणाला, "तसंच ठेवा, दुबळी रोपं आपोआप मरतील." मरतात, यात शंका नाही. 1963 साली योदा आणि सहकाऱ्यांनी या आपोआप होणाऱ्या विरळणीचा नियम मांडला: झाडं चौथ्या हिश्शावर आली की उरलेल्यांचं सरासरी वजन साधारण आठपट झालेलं असतं. पण याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. झाडं मरतात ती उरलेली मोठी होऊन जागा व्यापतात म्हणूनच. संख्या घटते, दाटी हटत नाही. शेत पूर्ण वेळ काठोकाठ भरलेलंच राहतं.

म्हणून आडवी विरळणी ठरवली. कापणीनंतर ओळींना काटकोनात कुदळ चालवायची, 30 सेंटीमीटर साफ करायचं, 10 सेंटीमीटरचा पुंजका ठेवायचा. दर 40 सेंटीमीटरला एक पुंजका, ओळी 75 वर, म्हणजे चौरस मीटरला सव्वातीनच्या आसपास पुंजके. मी एकच हट्ट धरला: प्लॉटच्या मधोमध आठ ओळींचा पट्टा जसाच्या तसा ठेवायचा. काकांना ते वेडेपणाचं वाटलं. पण तो पट्टा नसता तर पुढच्या वर्षी जे दिसलं ते विरळणीमुळे की दुसऱ्या वर्षाच्या जोमामुळे, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

पहिल्या दिवशीचं काम वाया गेलं. आम्ही वरवर खुरपलं, आणि पंधरा दिवसांत सगळं पुन्हा हिरवं. लसूणघास कापल्यावर बुंध्याच्या डोळ्यांतून फुटतो, तो त्यासाठीच तर लावतात! बुंध्याखाली चार बोटं खोल मूळ तोडल्याशिवाय रोप मरत नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. मजुरी दोनदा गेली आणि काकांनी ते मला बरेच दिवस ऐकवलं.

उघड्या जमिनीने आपली किंमतही वसूल केली. चंदनबटवा आणि राजगिऱ्याच्या जातीचं तण पुंजक्यांच्या मधल्या जागेत उसळून आलं. दाट ओळीने ते दाबून ठेवलं होतं, आता खुरपणी वाढली. त्याच उघडेपणाचा एक फायदा मात्र झाला. अमरवेल या परजीवी वेलीचे दोन ठिपके लवकर दिसले, फुलायच्या आधी ते आजूबाजूच्या लसूणघासासकट कापून जाळता आले. दाट प्लॉटमध्ये ती पिवळी सुतळी आत पसरली असती, आणि तिचं बी लसूणघासाच्या बियात मिसळलं की चाळणीने निघत नाही. त्यासाठी मखमली रुळांची वेगळी यंत्रं लागतात.

दुसऱ्या हंगामात फुलोऱ्याच्या सुमाराला काकांनी पाणी हात राखून दिलं. हे पूर्ण प्लॉटला सारखंच होतं, राखलेल्या पट्ट्यालाही. पट्ट्यातलं पीकही गेल्या वर्षीपेक्षा बरं आलं, हे नमूद करायला हवं. बुंधे वयाने वाढले होते, आणि तो वाटा विरळणीच्या खात्यावर घालणं खोटं ठरेल. पण दोन्हीतला फरक बघायला टेपची गरज नव्हती. विरळ ओळी विटलेल्या, मळकट. मधला पट्टा अजून जांभळा.

आठ ओळी पट्ट्यातल्या आणि आठ शेजारच्या, वेगवेगळ्या कापल्या, वेगवेगळ्या मळल्या. ताडपत्रीवर दोन जोड्या ढीग झाले. पट्ट्याचा काडीकचरा मोठा, बियाचा ढीग छोटा. विरळ ओळींचं उलट. काकांनी विरळ ढिगातली मूठ उचलून तळहातावर पसरली. पिवळसर, टपोरे दाणे, तपकिरी सुरकुतलेले अगदी थोडे. दुसऱ्या ढिगातली मूठ फुंकली तर त्यातला बराच भाग उडून गेला.

आता एक इशारा, कारण काकांनी लगेच ओटच्या बियाण्यालाही हीच युक्ती लावायचं ठरवलं होतं. ओट हे तृणधान्य. त्याला जागा दिली की फुटवे येत राहतात, पण उशिरा आलेल्या फुटव्याची लोंबी उशिरा पिकते. पहिल्या लोंब्या झडायला लागतात तेव्हा शेवटच्या हिरव्याच. ओटला मध्यम दाटीतले थोडे, एकदम पिकणारे फुटवे बरे. गिनी गवतासारख्या गवतांत तर दाणा पिकताच गळतो आणि तुरे मुळातच मागेपुढे येतात. तिथे फार मोकळीक दिली की आणखी मागेपुढे. लसूणघासातही तुरे मागेपुढे पिकतात, पण पिळदार शेंग दाणा बऱ्यापैकी धरून ठेवते, म्हणून त्याला मोकळीक परवडते. बरसीम या चारापिकाचं बी बहुतेक ठिकाणी शेवटच्या कापण्या न घेता चाऱ्याच्याच पिकातून घेतात, त्यामुळे तिथे अंतराचा निर्णय पेरणीच्या दिवशी चाऱ्यासाठीच झालेला असतो.

पुढच्या वर्षी काकांनी शेजारच्या तुकड्यात नवीन पेरणी घेतली. इतकं थोडं बी यंत्रातून सारखं पडत नाही, म्हणून जुनं लसूणघासाचं बी चांगलं भाजून, पूर्ण मारून, त्यात मिसळलं. वाळू मिसळली असती तर हादऱ्याने ती खाली बसली असती आणि बी वर राहिलं असतं. शेतात यंत्र घालण्याआधी त्यांनी खळ्यावर ताडपत्री अंथरली, तिच्यावरून यंत्र ओढलं आणि एका मीटरची खूण करून गुडघ्यावर बसले. भाजलेले काळपट दाणे बाजूला सारत जिवंत पिवळे दाणे नखाने मोजायला लागले. एकशे दहा भरले. उठले, बी सोडायची फट एक खाच कमी केली आणि पुतण्याला म्हणाले, "ओढ परत."